लहरींमागचा हिशेब

संपादक महोदय,

हुकूमशहांचे विक्षिप्त किस्से आमच्या अमळनेरच्या पारावरही चवीने सांगितले जातात, पण त्यामागचा हिशेब क्वचितच कोणी मांडतो. तुर्कमेनिस्तानच्या नियाझोव यांनी २००२ मध्ये जानेवारी महिन्याला स्वतःची उपाधी आणि एप्रिल महिन्याला आईचे नाव दिले, हे हास्यास्पद खरे. परंतु सरकारी कागदावर ते नाव निमूटपणे लिहिणारा कारकून रोज आपली निष्ठा सिद्ध करत होता आणि अडखळणारा आपोआप उघडा पडत होता. युगांडाच्या इदी अमीन यांनी १९७२ मध्ये स्वप्नातल्या दृष्टांताचे निमित्त सांगून आशियाई लोकांना (त्यांत गुजराती बरेच) ९० दिवसांत देशाबाहेर काढले. त्यांची दुकाने मात्र लष्करातल्या मर्जीच्या माणसांच्या पदरात पडली. टांझानियाच्या फौजा १९७९ मध्ये युगांडाच्या राजधानीत, कंपालात शिरेपर्यंत अमीन टिकले, ते या वाटपामुळेही.

– एक वाचक, अमळनेर (जि. जळगाव)