घातक स्क्रिप्ट प्रयोगशाळेतच शिकवू द्या

संपादक महोदय,

नवी मुंबईतल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी सायबर सुरक्षा शिकवते. प्रात्यक्षिकांसाठी घातक स्क्रिप्टचे, म्हणजे संगणकाला अपाय करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचे, खरे नमुने वापरायची परवानगी मागितली, तर ‘कॉलेजात व्हायरस आणायचा नाही’ एवढ्यावर अर्ज परत आला. मुलं मात्र थांबत नाहीत. तेच नमुने ती घरी उतरवून घेतात आणि वडिलांचं नेट बँकिंग चालतं त्याच लॅपटॉपवर उघडतात. मला घोर आहे तो याचा.

आम्हाला वापरू देतात ती फक्त ‘आयकार’ नावाची अँटिव्हायरसची चाचणी फाइल. ६८ अक्षरांची, निरुपद्रवी. अँटिव्हायरस जागा आहे का, एवढंच तिच्यावरून कळतं. खरा नमुना वेगळाच असतो. वीजबिल म्हणून आलेल्या झिपमधून जावास्क्रिप्टची फाइल निघते. नोटपॅडमध्ये पाहिली तर पानभर निरर्थक अक्षरं, तोडलेले शब्द, उलटे लिहिलेले पत्ते. तुकडे चिकाटीने जोडत गेलं की शेवटी मतलब उरतो तो दोन ओळींचा: अमुक पत्त्यावरून फाइल आण आणि चालव. विंडोजवर अशा फाइलवर डबल क्लिक केलं की ती सहसा ब्राउझरमध्ये न उघडता थेट संगणकावरच चालते. हे नुसतं पुस्तक वाचून अंगी लागत नाही.

काळजी कशी घ्यायची हे या क्षेत्रात ठरलेलं आहे. नमुना पासवर्डच्या झिपमध्ये ठेवायचा, तो व्हर्च्युअल मशीनवर, म्हणजे संगणकाच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकावर उघडायचा, त्याचं नेट आणि मूळ संगणकाशी जोडणारे शेअर्ड फोल्डर बंद करायचे, काम झालं की स्वच्छ स्नॅपशॉटवर, म्हणजे आधी जतन केलेल्या स्थितीवर परत यायचं. कायद्याचं भयही अनाठायी आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ मालकाच्या परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात व्हायरस सोडण्याबद्दल आहे. स्वतःच्या बंदिस्त यंत्रावरच्या अभ्यासाबद्दल नाही.

जून २०१७ मध्ये ‘नॉटपेट्या’ या घातक सॉफ्टवेअरमुळे आपल्या शेजारच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं कामकाज कोलमडलं होतं. अशा वेळी धावून जाणारी माणसं आम्ही घडवायची आणि त्यांना नमुना दाखवायचाच नाही, हे मला पटत नाही.

वाशी ते पनवेलमधल्या महाविद्यालयांनी मिळून नेटपासून तोडलेली एक सामाईक प्रयोगशाळा उभारावी. पेनड्राइव्ह दाराबाहेर, प्रत्येक नमुन्याची नोंद वहीत, जबाबदार शिक्षक हजर. जुने संगणकही पुरतील. नव्या सत्राचं वेळापत्रक लागण्याआधी व्यवस्थापनांनी एवढा निर्णय घ्यावा, ही विनंती.

– एक प्राध्यापिका, ऐरोली