मैदानात उतरलेला डॉक्टर

अटलांटा

प्रिय सुध्या,

तुझं पोस्टिंग बदलल्याचं वहिनींकडून कळलं. मिलिटरी हॉस्पिटलचं ऑपरेशन थिएटर सांभाळून शिवाय क्रिकेटचा संघ, आणि आता नाटक बसवायचं कामही तुझ्याच गळ्यात पडलंय म्हणे. वानवडीला एएफएमसीत, म्हणजे लष्कराच्या मेडिकल कॉलेजात होतास तेव्हाही हेच होतं. परीक्षा तोंडावर आणि साहेब मैदानात! म्हणून आज तुझ्याच जातकुळीतल्या एका माणसाबद्दल लिहितो. तो सगळाच्या सगळा आवडण्यासारखा नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आमची धाकटी इथे जॉर्जिया टेकमध्ये शिकते, हे तुला माहीतच आहे. याच राज्यातल्या अथेन्स गावच्या जॉर्जिया विद्यापीठाशी यांचं पिढ्यानपिढ्यांचं हाडवैर. त्या वैराचा पहिला फुटबॉल सामना ४ नोव्हेंबर १८९३ रोजी अथेन्समध्ये झाला. फुटबॉल अमेरिकी, म्हणजे पायांपेक्षा खांद्यांचा खेळ. टेकने तो २८-६ असा जिंकला, आणि त्यांचा कॅप्टन, कोच असं सगळं काही होता लेनर्ड वूड. वय तेहतीस, आणि धंद्याने लष्करी सर्जन! अटलांटाच्या फोर्ट मॅकफर्सनवर नेमणूक होती. खेळायला मिळावं म्हणून पठ्ठ्याने कॉलेजात रीतसर नाव घातलं. अथेन्सच्या पोरांनी चिडून दगडफेक केली. भुवईवर जखम झाली तेव्हा याने आरशात बघून स्वतःच टाके घातले, अशीही एक गोष्ट सांगतात. खरी असो-नसो, तुला आवडेल म्हणून लिहिली.

पण हा नुसता खेळगडी नव्हता रे. १८८४ मध्ये हार्वर्डमधून डॉक्टर झाला आणि पुढच्याच वर्षी कंत्राटी सर्जन म्हणून ॲरिझोनात गेला. १८८६ मध्ये अपाची या मूळ अमेरिकी जमातीचा लढवय्या म्होरक्या जेरोनिमो याच्या मागावर असलेल्या तुकडीबरोबर होता. अपाची मुलखातून शंभर मैल खलिते पोचवले. पायदळाच्या एका तुकडीला अधिकारी उरला नाही, तेव्हा तिचं नेतृत्वही डॉक्टरसाहेबांनीच केलं. त्याबद्दल पुढे १८९८ मध्ये ‘मेडल ऑफ ऑनर’, म्हणजे तिथलं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. त्याच वर्षी थिओडोर रूझवेल्टच्या, म्हणजे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या रूझवेल्टच्या जोडीने घोडदळाची रेजिमेंट उभी केली. कर्नल वूड होता आणि रूझवेल्ट त्याच्या हाताखाली, हे आता कुणाला आठवतही नाही.

माझ्या मते त्याचं सगळ्यात मोठं काम क्यूबातलं. तिथे तो अमेरिकेचा लष्करी गव्हर्नर होता. १९०० मध्ये वॉल्टर रीड, म्हणजे आणखी एक लष्करी डॉक्टर, त्याच्याकडे पैसे मागायला आला. पिवळा ताप डासामुळे पसरतो, असं हवानाचे कार्लोस फिनले १८८१ पासून सांगत होते आणि लोक हसत होते. ते सिद्ध करायला प्रयोगाला बसणारी माणसं हवी होती, आणि त्यांना मोबदला द्यायचा होता. वूडने दहा हजार डॉलर मंजूर केले. गव्हर्नर डॉक्टर नसता तर हे इतक्या सहज झालं असतं का? फिनले बरोबर होते, हे त्या प्रयोगांनी दाखवून दिलं.

आणि आता जे मला पचत नाही ते. मार्च १९०६, तेव्हा अमेरिकेच्या ताब्यात असलेल्या फिलिपिन्समधलं होलो बेट. बुद दाहो नावाच्या ज्वालामुखीच्या विवरात मोरो लोक, म्हणजे तिथले मुसलमान, बायकामुलांसह जाऊन बसले होते. वूडच्या हाताखालच्या फौजेने चढाई केली आणि शेकडो माणसं मारली. त्यांत बायका होत्या, लहान मुलंही होती. मार्क ट्वेनने त्यावर संतापून लिहिलं. वूडने मात्र आपल्या सैनिकांचीच बाजू घेतली. एकेकाळी टाके घालणारे हात हे! अंगातली तीच रग, तीच ‘मला आत उतरू द्या’ वृत्ती. कॉलेजच्या मैदानात तिचं कौतुक झालं. इथे तिच्यापायी माणसं मेली.

पुढे तो अमेरिकी सैन्याचा चीफ ऑफ स्टाफ, म्हणजे प्रमुख झाला (१९१०-१४). डॉक्टर म्हणून सुरुवात करून तिथे पोचलेला तो एकटाच. कॉलेजची पोरं मात्र त्याला शेवटपर्यंत हवी असायची. १९१३ मध्ये त्याने गेटिसबर्ग आणि मॉन्टेरे इथे विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी लष्करी शिबिरं सुरू केली. १९२० मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी हुकली.

शेवट तुझ्या विषयातला आहे. त्याला मेनिंजिओमा, म्हणजे मेंदूच्या आवरणातली गाठ होती. १९१० मध्ये मेंदूचा सर्जन हार्वे कुशिंगने ती काढली आणि हा सतरा वर्षं पुन्हा कामाला लागला. गाठ परत वाढली. १९२७ च्या ऑगस्टमध्ये बोस्टनला त्याच कुशिंगने शस्त्रक्रिया केली, आणि त्यानंतर लगेचच तो गेला. त्याचा मेंदू आजही येलमध्ये जपून ठेवलाय.

आता तुला विचारतो. आरएमओ, म्हणजे पलटणीचा डॉक्टर असताना तुझ्याजवळही शस्त्र असायचं, स्वतःच्या आणि पेशंटच्या रक्षणापुरतं. तुकडीला अधिकारी उरला नसता तर तू काय केलं असतंस? मेसमध्ये देतोस तसलं गुळमुळीत उत्तर नको, सविस्तर लिही. आणि नाटकात तू काय करतोयस तेही कळव. नोव्हेंबरात रजा मिळाली तर इकडे ये, यंदाच्या सामन्याची तिकिटं धाकटी काढेल.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
वसंता