बर्फाच्या मशीनचं विचारलं होतंस ना, सगळं सांगतो

प्रिय पक्या,

परवा तुझा फोन मधेच कट केला रे, मी डायलिसिस सेंटरच्या बाहेर उभा होतो आणि आतून बाबांचं नाव पुकारलं. नंतर फोन करायचा राहिला तो राहिलाच, आणि हे फोनवर सांगण्यासारखं पण नाही, म्हणून आज निवांत लिहायला बसलोय. काकूंना डायलिसिस सुरू झालं हे ऐकून त्या रात्री मला झोप नाही लागली. पहिले दोन-तीन महिने घरातल्या सगळ्यांचेच हाल होतात बे, मग हळूहळू अंगवळणी पडतं. तू म्हणालास ना की रात्री उठून माठाजवळ जाऊन बसतात, अगदी हेच बाबांचं होतं. पहिल्या वर्षी मे महिन्यात नागपूरचं ऊन, दिवसभर कूलरची घरघर आणि बाबांना दिवसाला 800 मिलीच पाणी चालायचं, त्यातच चहा, वरण, गोळ्यांबरोबरचं पाणी सगळं धरायचं. एकदा मी त्यांना रिकामा पेला ओठांना लावून बसलेलं पाहिलं, ते अजून डोळ्यासमोरून जात नाही.

बर्फाचं आम्हाला डायलिसिस सेंटरच्या सिस्टरनी सांगितलं. एक खडा तोंडात ठेवला की पाच-सहा मिनिटं तोंड ओलं राहतं, तेवढंच पाणी घोटाने प्यायलं तर दोन सेकंदात संपतं. पण पक्या, बर्फ म्हणजे पाणीच, तो हिशोबात धरायचाच धरायचा, काकूंच्या डॉक्टरांना विचारून किती चालेल ते आधी ठरवून घे. मोजायची सोपी रीत सांगतो, वजनकाट्यावर ठेव, जितके ग्रॅम तितके मिली पाणी. ट्रेच्या खाचेवरून अंदाज घेऊ नको कारण गोठताना पाणी साधारण 9 टक्के फुगतं, मग खडा मोठा दिसतो आणि हिशोब चुकतो. आमच्या मशीनचे दहा खडे 90 ग्रॅम भरले, म्हणजे एकात 9 मिली. बाबांची एक स्टीलची वाटी ठरलेली आहे, सकाळी 11 ला पाच खडे, दुपारी 4 ला पाच, रात्री झोपताना पाच. आता तर तेच घड्याळ बघून हाक मारतात.

तू म्हणशील फ्रीज आहे की घरात, मशीन काहून पाहिजे. आम्हीपण वर्षभर ट्रेवरच काढलं. पण नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या भयंकर उन्हाच्या दिवसांत, दर तासाला कोणीतरी फ्रीजर उघडणार, पोरं सरबताला बर्फ नेणार, ट्रे रिकामाच आत ठेवणार, आणि नेमकं बाबांच्या वेळेला बर्फ नाही. शिवाय फ्रीजमधल्या मसाल्याचा, कापलेल्या कांद्याचा वास बर्फाला लागतो, तोंडाची चव आधीच गेलेल्या माणसाला तो वास सहन होत नाही. बाहेरची लादी तर विचारातसुद्धा आणू नको. खायचा बर्फ पांढरा आणि कारखान्याच्या कामाचा निळा हा नियम आपल्याकडे 2018 मध्ये आला, तो यायचं कारणच हे की लोकांच्या ग्लासात कुठला बर्फ येतो ते कळत नव्हतं. गोठवलं की जंतू मरतात असं आपल्या घरोघरी समजतात, ते खोटं आहे. त्यातले बरेचसे नुसते निजतात, बर्फ वितळला की परत जागे.

आमची मशीन ओट्यावर ठेवायची छोटी आहे, मिक्सरच्या दुप्पट असेल. आत पितळी दिसणाऱ्या नऊ बोटांसारख्या दांड्या असतात, त्या खालच्या पाण्याच्या ट्रेमध्ये बुडून असतात, कंप्रेसर त्या दांड्या थंड करतो आणि पाणी त्यांच्याभोवती गोठत जातं, म्हणून खडा आतून पोकळ निघतो, बंदुकीच्या गोळीसारखा. मग ट्रे खाली झुकतो, दांड्यांमधून क्षणभर गरम गॅस फिरतो, नऊ खडे टपाटप पडतात आणि एक फळी त्यांना जाळीच्या टोपलीत ढकलते. पहिल्यांदा ते पडले तेव्हा बाबा खुर्ची ओढून समोर बसले होते, एक खडा उचलून खिडकीच्या उजेडात धरून कितीतरी वेळ बघत राहिले. पोकळ असल्यामुळे त्यांना तो दाढेखाली सहज फोडता येतो, पुढचे दात नसले तरी.

एक मात्र पक्कं लक्षात ठेव, ती टोपली म्हणजे फ्रीजर नाही. तिथला बर्फ वितळत राहतो, ते पाणी खालच्या टाकीत जातं आणि त्याचाच परत बर्फ होतो. दुकानदाराने हे आम्हाला सांगितलंच नाही, त्याने नुसतं 12 किलो रोज 12 किलो रोज एवढंच लावून धरलं होतं. तो आकडा थंड खोलीतला आणि थंड पाण्याचा असतो. आमच्याकडे हिवाळ्यात सात मिनिटांत एक घाणा निघतो, मे महिन्यात त्यालाच बारा-तेरा मिनिटं लागतात. टाकीत माठातलं गार पाणी टाकलं की थोडं लवकर होतं.

आता बसवायचं सांगतो, आणि आमच्या चुकांसकट सांगतो म्हणजे तुझ्या हातून त्या होणार नाहीत. मशीन ट्रान्सपोर्टने आडवी-तिडवी येते, ती उभी करून चोवीस तास तशीच ठेव, प्लग लावूच नको, कंप्रेसरचं तेल आपल्या जागी खाली बसू दे. पहिले तीन घाणे फेकून दे, नव्या प्लास्टिकचा वास असतो. जागा अशी बघ की जाळीच्या बाजूने वीतभर तरी मोकळं राहील, कारण आतली सगळी गरमी तिथून बाहेर पडते. मी काय केलं, स्वयंपाकघरात जागा नाही म्हणून मागच्या पॅसेजमध्ये घरघंटीच्या शेजारी ठेवली. महिनाभर छान चालली, मग बर्फ बारीक यायला लागला, मशीन तापायची, एकदा तर मधेच बंद पडली. मेकॅनिक बोलावला तो म्हणाला गॅस गेला, गॅस भरावा लागेल. मला पटेना, म्हणून रात्री प्लग काढून मागची जाळी उघडली तर आत कंडेन्सरच्या पात्यांवर गव्हाच्या पिठाचा थर, ओल धरून अगदी खापरीसारखा घट्ट झालेला, दोन पात्यांमधून उजेडसुद्धा दिसत नव्हता. जुन्या टूथब्रशने तासभर हळूहळू झाडलं, पाती वाकू नयेत म्हणून वरून खाली एकाच दिशेने, नंतर व्हॅक्युमने ओढून घेतलं. दुसऱ्या दिवशी मशीन नव्यासारखी, गॅस-बिस काही गेला नव्हता. तेव्हापासून मशीन देवघराजवळच्या भिंतीला आहे आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी जाळी झाडतो.

तिथे परत एक गंमतच झाली, रोज सकाळी टोपली रिकामी असताना बर्फ भरला म्हणून लाल दिवा लागायचा. चार दिवस डोकं खाजवलं, मग कळलं की पूर्वेच्या खिडकीतून ऊन सरळ टोपलीवर येतं आणि टोपली भरली की नाही हे बघणारा सेन्सर उजेडावरच चालतो. पडदा लावला, दिवा गेला. तू पण खिडकीसमोर ठेवू नको.

लाइटचं तर तुला सांगायला नको, दर्यापूरला उन्हाळ्यात व्होल्टेज किती पडतं ते तुला माहीतच आहे. स्टॅबिलायझर लावच, लाइट गेली-आली तर तीन मिनिटं थांबून मग सुरू होणारा घे. थ्री-पिन आणि अर्थिंग नीट आहे का ते वायरमनकडून बघून घे, पाण्याजवळचं यंत्र आहे आणि काकू ओल्या हाताने झाकण उघडणार.

आणि पाणी! तुमचा तर खारपाणपट्टा, जमिनीतलं पाणीच खारट, बोअरचं पाणी चुकूनही टाकू नको. आमच्या बोअरचं TDS, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मीटरवर 780 आलं, ROचं 75. मधे RO बिघडला म्हणून आठवडाभर बोअरचं गाळून टाकलं तर त्या नऊ बोटांवर पांढरी खरखरीत पुटं चढली, अंघोळीच्या गिझरमध्ये चढतात तशीच. मग बर्फ दांडीला धरून बसतो, सुटत नाही, फळी त्याला ढकलायला जाते आणि कुरकुर आवाज येतो. तो आवाज आला की मशीन लगेच बंद कर, जोर लावून खडा ओढू नको.

यावर उपाय सायट्रिक अ‍ॅसिड, किराणा दुकानात लिंबूसत्त्व म्हणून मिळतं तेच. एक लिटर कोमट पाण्यात दोन चमचे, उकळतं पाणी नको, प्लास्टिक वाकतं. टाकीत ओतून क्लीनचं बटण असेल तर ते, नसेल तर दांड्या बुडतील एवढं भरून वीस मिनिटं ठेवायचं, मऊ ब्रशने हळूच घासायचं, बूच काढून सगळं सोडायचं आणि साध्या पाण्याने तीनदा धुवायचं. त्यानंतरचा पहिला घाणा चाखून बघायचा, आंबट लागला तर अजून एकदा. आम्ही महिन्यातून एकदा करतो, तुमच्याकडे पाणी बघून पंधरा दिवसांनी करावं लागेल. आणि हे काकांनाही सांग, मुलांनाही सांग, ब्लीच आणि सायट्रिक कधी म्हणजे कधीच एकत्र करायचं नाही, त्यातून क्लोरीन वायू निघतो, बंद स्वयंपाकघरात जीवावर बेतू शकतं.

पण पुटं परवडली बे, ती दिसतात तरी. मला भीती वाटते ती बुळबुळीची. पावसाळ्यात आम्ही चार दिवस चंद्रपूरला लग्नाला गेलो, मशीन बंद केली पण पाणी तसंच आत राहिलं. आल्यावर आई म्हणाली बर्फाला कसलातरी वास येतोय. मी टाकीच्या कोपऱ्यात बोट फिरवलं तर गुलाबी बुळबुळीत थर बोटाला आला. वरून सगळं चकाचक होतं, बर्फ पण काचेसारखा. ते बोट बघून माझ्या पोटात गोळा आला, कारण हाच बर्फ बाबांच्या वाटीत जातो, आणि या आजारात साधं इन्फेक्शन पण महागात पडतं. त्या दिवशी मला एकदम लख्ख कळलं की आपण हिला यंत्र समजत होतो, ही तर पिण्याच्या पाण्याचं भांडं आहे. आई माठ आठवड्याला घासते, तांब्या रोज घासते, मग ही का सुटली? तेव्हापासून रोज रात्री उरलेलं पाणी सोडून द्यायचं, टोपली काढून धुवायची, आतून स्वच्छ पंचाने पुसायचं आणि झाकण रात्रभर उघडं ठेवायचं, कोरडं व्हायला. तो पंचा फक्त तेवढ्यासाठीच, ओट्याचं फडकं नाही. आणि बर्फ हाताने कोणीच घ्यायचा नाही, छोटा डाव ठेवलाय, तोही टोपलीत पडलेला नसतो, बाहेर खुंटीला असतो. इडलीचं पीठ आंबवायला ठेवायचं ते पण आईने दुसरीकडे हलवलं, आंबलेल्या पिठाजवळ ठेवलं की बुरशीबिरशी लवकर धरते.

बर्फ जास्त झाला तर डब्यात भरून फ्रीजरला टाक, पण आधी ताटात पसरून दहा मिनिटं फ्रीजरमध्ये धर, नाहीतर ओले खडे एकमेकांना चिकटून ढेकूळ होतं.

तू ओट्याखाली बसवायच्या मोठ्या मशीनचं पण विचारलंस, नवीन किचन होतंय म्हणून. ती अमरावतीला ताईकडे आहे, बसवताना मीच उभा होतो. माझं मत स्पष्ट सांगतो, एका माणसासाठी ती नको. काचेसारखा स्वच्छ बर्फ येतो हे खरं, कारण तिच्यात पाणी सारखं वाहत राहतं आणि क्षार बऱ्यापैकी धुतले जाऊन ड्रेनमध्ये जातात, पण तिचे नखरे फार. ताईकडे भिंतीवरच्या ROमधून पाईप दिला तर पाणीच चढेना, आपल्या घरगुती ROच्या टाकीतून पाणी नुसतं वजनाने उतरतं, त्याला प्रेशर नसतं आणि मशीनच्या व्हॉल्व्हला ते लागतंच. मधे छोटा पंप टाकला तेव्हा भरायला लागली. ड्रेनचा पाईप सुताराच्या ड्रॉवरमुळे वर चढवून नेला होता, ते पाणी परत आत तुंबायचं. पाईप सलग उतारानेच जायला पाहिजे, आणि त्याचं तोंड मोरीच्या पाईपात घट्ट बसवायचं नाही, मधे बोटभर हवा ठेवायची, म्हणजे घाण पाणी उलटं येत नाही. आणि कळस म्हणजे सुताराने दिसायला छान म्हणून समोरच्या जाळीवरच लॅमिनेटचं दार ठोकलं! तिला श्वासच घेता येत नव्हता. ती मशीन समोरूनच हवा घेते आणि समोरूनच सोडते, दार काढल्यावरच शांत झाली. तरीही घ्यायचीच असेल तर सुतार येण्याआधी प्लंबर आणि वायरमनला जागा दाखव, उलटं करू नको.

तुझ्या ROचं TDS मोजून मला कळव, आणि जिथे ठेवणार त्या जागेचा फोटो पाठव, खिडकी कुठे आणि प्लग कुठे ते दिसेल असा. पुढच्या शनिवारी बाबांचं डायलिसिस सकाळचं आहे, दुपारी ते झोपतात, मी तिकडे येऊन लावून देऊ शकतो, रात्री परत निघेन. काकूंना सांग, बाबांनी विचारलंय की त्यांना खडा फोडायला आवडतो का चघळायला. बाबा म्हणतात चघळला तर जास्त टिकतो, पण फोडताना जो आवाज येतो ना, तो ऐकूनच अर्धी तहान जाते.

तुझा,
बंड्या