मानीव अभिहस्तांतरणाचा आदेश हातात आहे, प्रॉपर्टी कार्डावर नाव कधी लागणार? महसूलमंत्र्यांना खुले पत्र

माननीय महसूलमंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी ठाण्यातील एका गृहनिर्माण संस्थेचा मानद सचिव आहे. जिल्हा उपनिबंधकांकडून आमच्या संस्थेला मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे लोक ज्याला डीम्ड कन्व्हेयन्स म्हणतात त्याचा, आदेश मिळाला. जमीन व इमारत संस्थेच्या नावे करून द्यायला बिल्डरने दाद दिली नाही, म्हणून त्याच्या सहीशिवाय ती नावे करून घेण्याचा हा आदेश मिळवावा लागला. पण प्रॉपर्टी कार्डावर, म्हणजे शहरी जमिनीच्या हक्काच्या सरकारी उताऱ्यावर, धारक म्हणून अजूनही मूळ जमीनमालकाचेच नाव आहे. ते गृहस्थ आज हयातही नाहीत. इतर संस्थांचे सचिव भेटले की त्यांच्याकडूनही हेच ऐकू येते: आदेश आहे, नाव नाही.

आपल्यालाच लिहिण्याचे कारण सांगतो. आदेशापर्यंतचे काम सहकार खात्याच्या कार्यालयात चालते. आदेशानंतरचे सगळे टप्पे, म्हणजे मुद्रांक जिल्हाधिकारी, दुय्यम निबंधक आणि नगर भूमापन अधिकारी, हे आपल्या एकाच खात्यात येतात. शासन मोहिमा काढते, शिबिरे घेते, त्यात भर असतो तो अर्ज भरून घेण्यावर आणि आदेश देण्यावर. पुढे संस्थेचे काय होते, ते कुणी विचारत नाही.

१९६३ च्या मोफा, म्हणजे महाराष्ट्र सदनिका मालकी कायद्यात आणि त्याखालच्या नियमांत स्पष्ट आहे की संस्था नोंदली गेल्यावर चार महिन्यांत बिल्डरने जमीन व इमारत तिच्या नावे करून द्यायची. ते न करणे हा गुन्हा आहे. तरीही वर्षानुवर्षे ते होत नव्हते, म्हणून २००८ मध्ये दुरुस्ती करून मानीव अभिहस्तांतरणाची सोय झाली. सोय चांगली आहे. पण आदेश मिळाल्यावर पहिला थांबा मुद्रांक कार्यालयाचा, आणि फाइल तिथेच अडते.

तिथे अभिनिर्णयासाठी, म्हणजे दस्तावर किती मुद्रांक शुल्क लागते ते ठरवून घेण्यासाठी, प्रत्येक सदनिकेवर मुद्रांक शुल्क भरल्याचा पुरावा लागतो. म्हणजे सगळ्या सभासदांचे मूळ करारनामे आणि सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा. आमच्याकडे एका आजींचा करारनामा निघाला तो गोदरेजच्या कपाटात, दागिन्यांच्या डब्याखाली, प्लास्टिकच्या पिशवीत. घडीवर कागद फाटलेला, मुद्रांकाची शाई पुसट झालेली. करार त्यांच्या यजमानांच्या नावे, यजमान वारलेले. दुसरी एक सदनिका तीनदा विकली गेली आहे आणि मधल्या मालकाचा पत्ता कुणालाच ठाऊक नाही. एकाचा कागद अपुरा म्हणून सगळ्या इमारतीची फाइल थांबते. महोदय, हे करारनामे आपल्याच खात्याच्या कार्यालयांत नोंदले गेले, शुल्क आपल्याच खात्याने घेतले. सूची क्रमांक दोन आता ऑनलाइन पाहता येते. मग जी नोंद खात्याकडे आहे, तिची प्रत सत्तरी ओलांडलेल्या माणसांनी का शोधून आणायची? ज्याने शुल्क बुडवले असेल त्याच्याकडून दंडासह जरूर वसूल करा. ज्यांनी भरले, त्यांना त्याच्यासाठी ताटकळत ठेवू नका.

पुढे दस्तनोंदणी. मोफाच्या कलम ११(५) प्रमाणे दुय्यम निबंधकाने बिल्डरला पुन्हा नोटीस काढायची, पुन्हा ऐकून घ्यायचे. ज्या बिल्डरला जिल्हा उपनिबंधकांनी नुकतीच पूर्ण संधी दिली, तोच इथे वकील पाठवून तारीख मागतो. या आदेशाने मालकीच्या वादाचा अंतिम निकाल लागत नाही, वाद असेल त्याने दिवाणी न्यायालयात जावे, असे मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलेले आहे. तेव्हा बिल्डरला दरवाजा बंद नाही. त्यासाठी आमची नोंदणी अडवायला नको.

शेवटी भूमापन कार्यालय. तिथे फेरफाराची नोटीस, हरकत, सुनावणी हे तिसऱ्यांदा सुरू होते. जमीनमालकाच्या एखाद्या वारसाने साधा अर्ज दिला तरी नोंद लटकते.

नाव न लागल्याने काय बिघडते, हे आपल्याला सांगायला नको, पण ज्यांच्यावर वेळ आली नाही अशा वाचकांसाठी लिहितो. मुंबईत तीस वर्षांपुढच्या इमारतीला संरचनात्मक तपासणी सक्तीची आहे. अहवाल वाईट आला की पुनर्विकासाचे बोलणे सुरू होते, आणि येणारा विकासक पहिल्यांदा प्रॉपर्टी कार्ड मागतो. शिल्लक एफएसआय, म्हणजे बांधकामाचा उरलेला हक्क, कुणाचा, रस्तारुंदीत गेलेल्या जागेचा टीडीआर, म्हणजे तिच्या बदल्यात मिळणारा हस्तांतरणीय विकास हक्क, कुणाचा, हे प्रश्न त्या एका कागदापाशी येऊन थांबतात. छताचे गिलावे पडत असतात, खाली नातवंडे खेळत असतात आणि सभासद जुन्या मालकाच्या वारसांशी वाटाघाटी करत बसतात. घराचे पैसे त्यांनी कधीच चुकते केलेले असतात.

म्हणून मागणी करतो. अभिनिर्णयासाठी खात्याने आपली नोंद आपणच तपासावी आणि तपासणीला मुदत बांधावी. जिथे नोंदच सापडत नाही तिथेच सभासदाकडे कागद मागावा, आणि त्या एका सदनिकेचे शुल्क वेगळे काढून बाकीची फाइल पुढे सोडावी. दस्त नोंदला गेल्यावर जमीन महसूल संहितेच्या कलम १५४ प्रमाणे नोंदणी अधिकाऱ्याने महसुली यंत्रणेला कळवायचे असते. त्याच वर्दीवरून फेरफार धरावा, संस्थेकडून वेगळा अर्ज मागू नये. उपनिबंधकांपुढे ज्यांचे म्हणणे ऐकले गेले, त्यांची तीच हरकत भूमापन कार्यालयाने पुन्हा उगाळू नये. यातले बरेचसे आपल्या परिपत्रकाने होऊ शकते. कलम ११(५) मधली दुसरी सुनावणी काढायला मात्र कायदा बदलावा लागेल. त्यासाठी गृहनिर्माण मंत्र्यांसोबत बसून आपण प्रस्ताव आणावा.

आणखी एक. आजवर दिलेल्या मानीव अभिहस्तांतरणाच्या आदेशांपैकी किती संस्थांची नावे प्रॉपर्टी कार्डावर किंवा सातबारावर प्रत्यक्ष लागली, याचा जिल्हावार तक्ता खात्याने संकेतस्थळावर लावावा आणि दर महिन्याला तो अद्ययावत करावा. हा आकडा येत्या अधिवेशनात सभागृहापुढे ठेवावा, अशी आपल्याला विनंती आहे.

आपला,
मानद सचिव, एक सहकारी गृहनिर्माण संस्था, ठाणे