‘कडक’चं मी काय करू?

पुणे,
20 जुलै 2024

प्रिय मध्या,

फोनवर बोललो असतो, पण सोबत फोटोंचं पाकीट आहे आणि ते का पाठवतोय हे नीट सांगायला हवं.

गेल्या वर्षीचा माझा दिवेघाटाचा फोटो आठवतो ना? टेकडीवरून घेतलेला, वळणावळणानं चढणारी पालखी. सगळ्यांनी अंगठे आणि बदाम पाठवले. तू ‘कडक!’ लिहिलंस. राग मानू नकोस, पण त्या ‘कडक’चं मी काय करू? त्या टेकडीवर माझ्या आजूबाजूला निदान पन्नास जण तीच फ्रेम घेत होते.

शेवटी 40 फोटोंचे छोटे प्रिंट काढले आणि पेठेतल्या एका जुन्या स्टुडिओवाल्या काकांकडे गेलो. त्यांचा जन्म 36 फ्रेमच्या रोलवर लग्नाचे फोटो काढण्यात गेलेला. त्यांनी सगळे प्रिंट जमिनीवर पसरले. मी एकेकाची गोष्ट सांगायला लागलो, तर म्हणाले, “गप रे. फोटोबरोबर तू घरोघर जाणार आहेस का?”

बसलो गप. घाटाचा फोटो त्यांनी न बोलता बाजूला सारला. डोक्यावर तुळस घेतलेल्या एका आजींचा फोटो मात्र बराच वेळ पाहिला. माझा लाडका तो. 85 मिमीची, चेहरा जवळ ओढणारी लेन्स, मागचं सगळं धूसर, नुसता चेहरा. पुठ्ठ्याच्या दोन काटकोनी पट्ट्यांनी त्यांनी तो इकडून झाकला, तिकडून झाकला. “चेहरा छान आहे. पण चेहरा घरीही असतो. या चालतायत हे कुठं दिसतंय?”

खरा दणका यंदा बसला. दिंड्यांना क्रमांक असतात, रथापुढे की रथामागे हेही ठरलेलं, त्यामुळे वर्षानंतरही माणूस सापडतो. सासवडच्या मुक्कामी आजींना गाठलं, प्रिंट हातात दिला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. “माझी तुळस कापलीस की रं!”

खरंच की! वृंदावन अर्धंच आलेलं, तुळशीचा शेंडासुद्धा नाही. जिच्यासाठी आजी आळंदीपासून मान ताठ ठेवून चालल्या, तिलाच मी बाहेर ठेवलं आणि वर्षभर सुरकुत्यांवर खूश! शेजारच्या बायका हसल्या. मीही हसलो, पण कान गरम झाले होते.

जेजुरीच्या वाटेवर पुन्हा काढला. जास्त रुंद दृश्य घेणारी 35 मिमीची लेन्स लावली, चार पावलं मागे सरलो. पाय, चिखल, तुळस, सगळं घेतलं. आता त्यात आजीच हरवल्यात की काय, मला कळेनासं झालंय.

म्हणून तू. पाकिटात बारा प्रिंट आहेत. प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीनं एवढंच लिही: नजर आधी कुठं गेली आणि कुठं अडखळली. वहिनींनाही दाखव. ‘मला फोटोतलं काही कळत नाही’ म्हणतात ना, म्हणूनच. पण तुझं लिहून झाल्यावर दाखव, नाहीतर दहावीच्या भूमितीसारखं त्यांचंच उतरवून काढशील.

आजींचा नवा फोटोही त्यातच आहे. त्याच्याबद्दल मी वर बोलून बसलोच. काका असते तर ओरडले असते.

तुझाच,
विन्या