रविवारी डीबी ५ पाहायला येताना

सभासदहो, नमस्कार.

येत्या रविवारी सकाळी १० वाजता न्यूपोर्ट पॅग्नेलला जमायचं आहे. पूर्ण खोलून पुन्हा उभी केलेली १९६४ची अ‍ॅस्टन मार्टिन डीबी ५ लिफ्टवर चढवून खालून दाखवणार आहेत. ही गाडी मुळात याच गावात बनलेली, त्यामुळे मला या भेटीचं फार अप्रूप आहे. कृपया उशीर नको.

वरचा पत्रा अ‍ॅल्युमिनियमचा आहे, टेकून उभं राहिलं तरी पोचा येतो. अंगठ्या, कडी काढून ठेवा, मुलांचा हात सोडू नका.

घ्यायचा विचार असलेल्यांनी चकाकत्या रंगावर भाळू नये. आत बारीक पोलादी नळ्यांचा सांगाडा आहे. हे दोन धातू टेकतात तिथे ओल शिरली की अ‍ॅल्युमिनियमची पांढरी भुकटी होते, नळी गंजते आणि वरून काही कळत नाही. म्हणून दारांखालचा भाग टॉर्चने बघा, काम चालू असतानाचे फोटो मागा, चासी आणि इंजिनचे क्रमांक मूळ नोंदीशी ताडून पाहा. फोटो नसतील तर मी तरी पैसे टाकणार नाही.

११ वाजता ३,९९५ सीसीचं सहा सिलिंडरचं इंजिन सुरू करतील. तेल गरम होईपर्यंत रेस करायचा आग्रह धरू नका.

स्वतःची जुनी गाडी आणणाऱ्यांनी ई १० (१० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं) नव्हे, ई ५ (५ टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं) पेट्रोल भरावं. जास्त इथेनॉलने जुने रबरी पाइप खराब होतात.

नावं शुक्रवारपर्यंत कळवा. डबा आपापला.