सिम्युलेशनच्या अहवालात एककांचा तक्ता हवाच

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

फायनाइट एलिमेंट सिम्युलेशनचा (वस्तूचे छोटे तुकडे कल्पून संगणकावर केलेल्या गणिताचा) अहवाल मंजूर करणारे रंगीत चित्र बघतात. इनपुट फाइलमधले आकडे कोणत्या एककात आहेत, हे क्वचितच विचारतात. अबॅकस, कॅल्क्युलिक्ससारख्या सॉफ्टवेअरना एकक कळत नाही, आकडे तेवढे कळतात.

मेकॅनिकलवाले मिलिमीटर-टन-सेकंदात काम करतात. बल न्यूटनमध्ये, ताण मेगापास्कलमध्ये, सगळे सोयीचे. त्याच मॉडेलमध्ये वीज आली की गफलत होते. या पद्धतीत शक्ती मिलिवॉटमध्ये येते. म्हणून प्रवाह अँपिअरमध्ये ठेवला तर व्होल्टेज मिलिव्होल्टमध्येच द्यावे लागते. तांब्याची वाहकता मीटरला ५.८ कोटी सीमेन्स, ती इथे ५८ होते. अनेकजण मीटरचे मिलिमीटर करून ५८,००० टाकतात आणि तिथेच थांबतात, व्होल्टचे मिलिव्होल्ट करत नाहीत. सॉफ्टवेअर तक्रार करत नाही. ५० हर्ट्झला तांब्यातली स्किन डेप्थ (बदलता प्रवाह पृष्ठभागापासून मुख्यतः जितक्या खोलीपर्यंत वाहतो ती) सुमारे ९.३ मिमी, या आकड्याने ती ०.३ मिमी निघते आणि माणूस मेश (मॉडेलच्या तुकड्यांची जाळी) बारीक करत बसतो.

व्होल्ट आणि ५८,००० ही जोडी नुसत्या डीसी प्रवाहाच्या गणितात बिनचूक चालते, हे अधिक धोक्याचे. तिथून निघालेली उष्णता वॉटमध्ये असते, थर्मल भाग ती मिलिवॉट समजतो. तापमानवाढ हजारपट कमी दिसते आणि बसबार (वीज वाहून नेणारी धातूची जाड पट्टी) कागदावर थंडगार राहतो.

निर्वाताची पर्मिएबिलिटी (चुंबकीय क्षेत्राला वाट देण्याची क्षमता) हेन्री प्रति मीटर अशी वाचून तिलाही हजाराने भागणारे आहेत. ती न्यूटन भागिले अँपिअरचा वर्ग. न्यूटन आणि अँपिअर दोन्ही या पद्धतीतही तेच, म्हणून ४π गुणिले १० चा −७ वा घात हाच आकडा राहतो. पर्मिटिव्हिटी (विद्युत क्षेत्रासाठीची तशीच राशी) मात्र ८.८५४ गुणिले १० चा −१२ वा घात असते, ती इथे ८.८५४ गुणिले १० चा −१८ वा घात होते. दोन्हींचा गुणाकार करून त्याच्या व्यस्ताचे वर्गमूळ काढावे. २.९९८ गुणिले १० चा ११ वा घात, म्हणजे मिमी प्रति सेकंदातला प्रकाशवेग, आला नाही तर रन सुरूच करू नये.

बी-एच वक्राचे (चुंबकीय तीव्रता एच आणि तिच्यामुळे पदार्थात येणारी फ्लक्स घनता बी यांच्या आलेखाचे) दोन्ही रकाने हजाराने भागावेत. एकच भागला तर सापेक्ष पर्मिएबिलिटी ४,००० असलेले पोलाद ४ चे होते, किंवा ४० लाखांचे. १.२ टेस्लाचा चुंबक ०.००१२ असा भरायचा असतो. पुरवठादाराचा तक्ता गाउस-ओर्स्टेडमध्ये (बी आणि एच यांच्या जुन्या एककांत) असेल, तर आधी १०,००० गाउसला १ टेस्ला आणि १ ओर्स्टेडला ७९.५८ अँपिअर प्रति मीटर धरून बदलावा, मगच हजाराने भागावा.

अहवालाच्या पहिल्या पानावर प्रत्येक राशीचे एकक आणि तांब्यासारख्या एका ओळखीच्या पदार्थाचे भरलेले आकडे छापणे मंजुरी देणाऱ्यांनी सक्तीचे करावे.

आपला,
एक अभियंता वाचक